कॅम कानाने निवडला जातो

जुनी व्ही-एट गाडी जागेवर उभी असताना जो आवाज करते, त्यावर माणसं भाळतात. धग-धग, धग… धगधग… धग. मधेच एक ठोका चुकल्यासारखा होतो, बॉनेट किंचित हलतं, आरशातलं मागचं चित्र थरथरतं. कॅटलॉगमध्ये कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, पानं उलटणाऱ्याच्या डोक्यात आधी आकडे नसतात, हा आवाज असतो. मग तो त्या आवाजाला साजेसे आकडे शोधतो आणि स्वतःला सांगतो, की आपण हॉर्सपॉवर बघतोय.

त्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. जुनी गाडी बाळगणं हेच मुळात हिशेबात न बसणारं काम, तिथे कानाला काय आवडतं याला मान असायलाच हवा. फक्त तो आवाज कशाचा आहे ते एकदा नीट समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. त्या एका फेऱ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि एकदा मिटतो. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतो आणि मग नवं मिश्रण आत घेणारा इनटेक उघडतो. खऱ्या इंजिनात इतकी शिस्त नसते. पिस्टन वर पोचायच्या आधीच इनटेक उघडायला लागलेला असतो, आणि पिस्टन खाली निघाला तरी एक्झॉस्ट पुरता मिटलेला नसतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किलकिले असण्याचा हा काळ म्हणजे ओव्हरलॅप. इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर फिरत असताना ही सोय फार कामाची ठरते. बाहेर धावणाऱ्या जळक्या वायूच्या मागे दाब कमी होतो आणि नवं मिश्रण आत ओढलं जातं. पण सातशे-आठशे आरपीएमला त्या वायूला वेगच नसतो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम, एक्झॉस्टकडे जवळजवळ वातावरणाचा दाब, मग जळका वायू उलटा फिरून सिलिंडरमध्ये आणि तिथून इनटेकमध्येही शिरतो. पुढच्या खेपेला सिलिंडरच्या वाट्याला येतं ते उष्टं मिश्रण. एखादा सिलिंडर नीट पेटतो, एखादा अर्धवट, एखादा पेटतच नाही. आपण ज्याला दमदार आवाज म्हणतो, तो म्हणजे आयडलिंगला, गाडी उभी असताना नुसतं फिरत राहताना, धाप लागलेलं इंजिन.

वरच्या आरपीएमला गेल्यावर हेच इंजिन वेगळं वागतं, हे खरं. पण वर जाणार कधी?

एका मित्राच्या गाडीसाठी कॅम निवडायला बसलो, तेव्हा हा प्रश्न मला फारच छळायला लागला. गाडी १९७३ची, इंजिन ३५० घनइंचाचं, गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक, टर्बो-हायड्रामॅटिक ३५०. त्याने कॅटलॉगचं पान आधीच दुमडून आणलं होतं.

“अरे, हाच टाकूया ना. व्हिडिओतल्या त्या गाडीला हाच आहे.”

“त्या गाडीचा डिफरन्शियल कुठला?”

“ते नाही सांगितलंय.”

“कॉम्प्रेशन? कन्व्हर्टर?”

“तू आवाज तर ऐक!”

मी ऐकला. आवाज झकासच होता. पण मी विचारलेलं महत्त्वाचं होतं: डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांकडचा शेवटचा गिअर, आणि कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तेलाने भरलेला डबा.

आता त्या दुमडलेल्या पानावरचे आकडे. कॅमवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा म्हणजे ड्युरेशन, क्रँकशाफ्टचे किती अंश व्हॉल्व्ह उघडा राहतो ते. मित्राच्या मनातला होता २९२. त्याच्या वरच्याच ओळीत २६८ होता, पण त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. या जाहिरातीतल्या आकड्यांवर फार विसंबू नये. कोणी टॅपेट (कॅमवर बसून व्हॉल्व्हला उचलणारा भाग) ०.००६ इंच उचलला की मोजायला सुरुवात करतो, कोणी आणखी वेगळ्या ठिकाणाहून. दोन कंपन्यांचे २६८ सारखे असतीलच असं नाही. म्हणून जाणकार टॅपेट ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेला आकडा विचारतात, तो तरी सगळीकडे एकाच फुटपट्टीवरचा असतो.

दुसरा आकडा लोब सेपरेशनचा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबची, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यांची, टोकं एकमेकांपासून किती अंशांवर आहेत, ते हा सांगतो. १०६-१०८ म्हणजे जवळ, ११४ म्हणजे लांब. जवळ असले की ओव्हरलॅप वाढतो, आवाज खडबडीत होतो, मधल्या आरपीएमला इंजिन जोर धरतं. लांब असले की आयडलिंग शांत आणि व्हॅक्यूम भरपूर. ११० सेपरेशन धरलं, तर २६८च्या कॅमला ओव्हरलॅप ४८ अंश आणि २९२च्या कॅमला ७२ अंश येतो. आवाजातला फरक या चोवीस अंशांत आहे.

माझ्या मते मात्र सगळ्यात महत्त्वाचा आकडा मोठ्या अक्षरात कुठेच छापत नाहीत, आणि तो म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटतो कधी. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी इनटेक उघडाच असतो. जोवर तो उघडा आहे तोवर दाब तयार होत नाही. उलट हळू फिरणाऱ्या इंजिनात आत आलेलं मिश्रण पिस्टन परत बाहेर ढकलतो. नेहमीप्रमाणे चार अंश पुढे बसवलेला २६८चा कॅम धरला, तर इनटेक तळानंतर ६० अंशांनी मिटतो. २९२चा मिटतो ७२ अंशांनी.

हे बारा अंश कागदावर किरकोळ दिसतात. १९७१च्या मॉडेलपासून जीएमने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, उतरवलं. मित्राचं ३५० त्या उतरवलेल्या पिढीतलं, साडेआठास एक. स्ट्रोक ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. इनटेक ६० अंशांवर मिटला तर पिस्टनला प्रत्यक्ष दाबायला उरतो सुमारे २.८१ इंच प्रवास, आणि खरं कॉम्प्रेशन भरतं सातच्या जरासं वर. ७२ अंशांवर मिटला तर उरतो अडीच इंच, आणि कॉम्प्रेशन ६.४. सव्वासहा-साडेसहाचं कॉम्प्रेशन घेऊन तीन-साडेतीन हजार पौंडांची गाडी सिग्नलवरून उचलायची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! तोच २९२चा कॅम दहास एक कॉम्प्रेशनच्या इंजिनात घातला तर साडेसात मिळतात आणि इंजिन खाली मरत नाही. म्हणजे कॅम वाईट नाही, चुकीच्या घरात पडलाय.

मित्राला मी तो कागद दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि म्हणाला, “मग कन्व्हर्टर मोठ्या स्टॉलचा, म्हणजे इंजिनाला आणखी वरच्या आरपीएमला जाऊ देणारा, टाकू. सगळे तेच सांगतात.”

सगळे सांगतात ते खोटं नाही. पण कन्व्हर्टर म्हणजे कॅमवरचा उतारा, असं समजून चालणारे जे करतात त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतात. या डब्याबद्दल माणसांना कुतूहल कमीच. कॅम हातात धरता येतो, त्याचे लोब बोटाने चाचपता येतात. कन्व्हर्टर म्हणजे वेल्ड करून बंद केलेला फुगीर गोळा, आत काय चाललंय ते बनवणारा सोडून कोणी पाहत नाही.

मूळ कल्पना गाडीसाठी नव्हतीच. हर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटिनच्या व्हल्कान गोदीत काम करायचा. जहाजावरची वाफेची टर्बाइन भन्नाट वेगाने फिरणार आणि पंखा मात्र हळू फिरायला हवा, हा त्याच्यापुढचा पेच. १९०५ मध्ये त्याने पाण्यातेलासारख्या द्रवाच्या प्रवाहातून शक्ती पुढे देण्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक रोजच्या गाडीत आली ती १९४८च्या ब्यूकमध्ये, डायनाफ्लो या नावाने.

आत तीन चाकं. पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल बाहेरच्या कडेकडे भिरकावतो. समोरची टर्बाइन ते तेल अंगावर घेते आणि गिअरबॉक्सला फिरवते. तिथून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं. तसंच पंपावर आपटलं असतं तर पंपाचा जोर खाल्ला असता. मधला स्टेटर ते वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. या वळवण्यातच सगळी जादू आहे. टर्बाइन उभी आणि इंजिन जोरात, अशा वेळी आत दिलेल्या टॉर्कच्या साधारण दुप्पट टॉर्क बाहेर मिळतो. टर्बाइन पंपाच्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर आली की स्टेटर आपल्या एकदिशा क्लचवर मोकळा फिरू लागतो, दुप्पट-बिप्पट संपतं आणि नुसती जोडणी उरते.

स्टॉल म्हणजे टर्बाइन अडवून धरली असताना पूर्ण रेस दिल्यावर इंजिन जिथे अडकतं तो आरपीएम. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘२४०० स्टॉल’. हा आकडा कन्व्हर्टरचा एकट्याचा नसतोच. इंजिनाने त्या क्षणी दिलेल्या टॉर्कचं वर्गमूळ, गुणिले त्या कन्व्हर्टरचा स्वतःचा एक गुणांक, असा तो निघतो. गुणांक १२० धरला तर चारशे फूट-पौंड देणाऱ्या इंजिनामागे तो २४००ला अडकेल. तीनशे देणाऱ्या इंजिनामागे तोच डबा २०८०ला. शेजाऱ्याच्या मोठ्या इंजिनामागे मस्त चाललेला कन्व्हर्टर तुमच्याकडे आळशी वाटतो, तो यामुळे. कन्व्हर्टर तोच असतो, त्याला भिडणारं इंजिन वेगळं असतं.

मला हा सगळा विषय मनापासून आवडतो तो पुढच्या एका वळणामुळे. या सूत्रातला टॉर्क जाहिरातीतला कमाल टॉर्क नव्हे. दोन हजारांच्या आसपास, स्टॉलच्या जागी, इंजिन जेवढा देईल तेवढाच. आणि मोठा कॅम नेमका तिथलाच टॉर्क खातो. कारखान्याचा कॅम असताना दोन हजारांवर तीनशे फूट-पौंड मिळत होते, मोठ्या कॅमने ते दोनशे चाळीसवर आले असं समजा. त्याच कन्व्हर्टरचा स्टॉल २०८० वरून १८६०ला घसरला. म्हणजे इंजिनाला आता वरच्या आरपीएमवर निसटायची गरज, आणि कन्व्हर्टर त्याला आधीपेक्षा खाली धरून ठेवतोय. कॅम बदलला की न बदललेला कन्व्हर्टरही बदलतो, तोही नको त्या दिशेने. नुसता कॅम टाकून ‘गाडीचा पिकअपच गेला’ म्हणणारे खोटं बोलत नसतात.

सिग्नलवर उभं राहिलं की याचं दुसरं रूप दिसतं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच दाबला की इंजिन सुटं. त्याला नऊशे-हजारावर खोकत बसू द्या, कोणाचं काही जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये गाडी ड्राइव्हला टाकून ब्रेक दाबला की टर्बाइन उभी आणि पंप तिच्यावर तेल मारतोय. इंजिनावर लोड सतत. कारखान्याच्या घट्ट कन्व्हर्टरपुढे मोठ्या कॅमचं इंजिन न्यूट्रलला नऊशे दाखवतं आणि ड्राइव्हला टाकलं की गचका देऊन सहाशेवर येतं किंवा बंदच पडतं. मग माणूस स्क्रू पिळून आयडलिंग वाढवतो. आता ड्राइव्हला टाकताना मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसतो, आणि सिग्नलवर गाडी पुढे पळायला बघते, ब्रेकवर पाय रोवून धरावा लागतो.

हे सगळं कंपन्यांना तेव्हाच ठाऊक होतं. शेव्हरोलेटचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘३०-३०’ कॅम १९६४ मध्ये कॉर्व्हेटच्या ३६५ हॉर्सपॉवरच्या ३२७ इंजिनात आला. दोन्ही व्हॉल्व्हना ०.०३० इंचाची फट ठेवायची, म्हणून हे नाव. ०.०५० इंचावर मोजलं तर २५४ अंश, म्हणजे रस्त्याच्या गाडीला दांडगाच. १९६७ पासून तोच कॅम कॅमेरो झेड-२८च्या ३०२ इंजिनात बसला, आणि त्या झेड-२८ला ऑटोमॅटिक मिळतच नसे. चार गिअरचा मॅन्युअल घ्या, नाहीतर दुसरी गाडी घ्या. १९७०ला ऑटोमॅटिकचा पर्याय आला तोवर इंजिन ३५०चं झालं होतं आणि कॅमही मवाळ केलेला होता. ज्यांनी तो कॅम घडवला, त्यांनीच त्याच्यामागे कन्व्हर्टर लावायचं टाळलं. आज कॅटलॉग उघडून बसणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

कंपन्यांनी काढलेलं एक उत्तर तर इतकं देखणं, की ते मागे का पडलं याची मला अजून चुटपुट लागते. ब्यूकने १९५५च्या डायनाफ्लोमध्ये आणि पुढे १९६५ ते ६७ या काळात ब्यूक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅकच्या मोठ्या टर्बो-हायड्रामॅटिकमध्ये स्टेटरची पातीच हलती केली. एका कोनात कन्व्हर्टर सैल, दुसऱ्या कोनात घट्ट. आयडलिंगला पाती सैल कोनात, म्हणजे सिग्नलवर गाडी रेटत नाही. रस्त्यावर संथ चालताना घट्ट, म्हणजे घसरण कमी. पॅडल मुळापर्यंत दाबलं की पुन्हा सैल, म्हणजे इंजिनाला वर उडी मारायला मोकळीक. एकाच डब्यात दोन स्टॉल! नंतर साधा अचल स्टेटर आला, आणि आपण पुन्हा एकच आकडा निवडायच्या पेचात सापडलो.

मग हा आकडा निवडायचा कसा? मी मित्राला कॅम आणि कन्व्हर्टर दोन्ही बाजूला ठेवायला लावले आणि विचारलं, की ही गाडी चालते कुठे? म्हणजे कुठल्या आरपीएमवर? मागच्या टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर. ताशी शंभर किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण आठशे पाच फेरे मारतं. त्याच्या गाडीत डिफरन्शियल २.७३चा, तिसरा गिअर एकास एक. म्हणजे शंभरला इंजिन बावीसशेवर, आणि साठला तेराशेच्या आसपास. बहुतेक वेळ गाडी याच पट्ट्यात असते. २९२चा कॅम ज्या आरपीएमला जागा होतो, तिथे हा माणूस महिन्यातून एखाद्या मोकळ्या रस्त्यावर काही सेकंद जाणार. डिफरन्शियल ३.५५ केला तर शंभरला २८६०, ४.१० केला तर तेहतीसशे. तेहतीसशेवर तासभर गाडी चालवून बघा, कानात गुणगुण राहते आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. पुढच्या काळातले ०.७०च्या ओव्हरड्राइव्हचे (वरच्या गिअरला इंजिन कमी फिरवणारे) आणि लॉकअप क्लचचे (कन्व्हर्टरची घसरण बंद करणारे) गिअरबॉक्स म्हणूनच जुन्या गाड्यांत इतके घातले जातात.

दोन हजारांवर चालणाऱ्या गाडीमागे तीन हजारांचा कन्व्हर्टर लावला तर काय होतं? हलक्या पायाने चालवताना तो काही तीन हजारांवरच जाऊन बसत नाही, तेवढी भीती उगाच. पण त्याची पकड घट्ट कन्व्हर्टरपेक्षा ढिली असते, आणि जेवढी घसरण तेवढी उष्णता. स्टॉलला तर टर्बाइन उभीच, म्हणजे इंजिनाची सगळीच्या सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. म्हणून स्टॉल बघायचा म्हणून ब्रेक दाबून रेस देत बसू नये. चार-पाच सेकंद पुष्कळ झाले, आणि बहुतेक गाड्यांचे मागचे ब्रेक त्याआधीच हार मानतात. गिअरबॉक्सचं तेल ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास सुखात असतं. एकशे वीसच्या वर ते करपायला लागतं, सील कडक होतात, क्लच प्लेटा घसरायला लागतात. सैल कन्व्हर्टर घेतला की त्याच दिवशी तेलाचा वेगळा कूलर घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. कूलरच्या पैशांत काटकसर करणाऱ्यांना गिअरबॉक्स उघडायची वेळ येते.

व्हॅक्यूमची भानगडही या सगळ्यातून सुटत नाही. मूळ कॅमवर आयडलिंगला सतरा-अठरा इंच पारा मिळतो. मोठ्या कॅमवर गेजची सुई दहा-अकरावर उतरते आणि तिथेही स्थिर राहत नाही, टकटक टकटक थरथरत असते. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, तेव्हा पॅडल दगड होतं. टर्बो-हायड्रामॅटिक ३५०चा मॉड्युलेटर, गिअर कधी बदलायचा ते ठरवायला मदत करणारा भाग, तोही त्यावरच. त्याला कमी व्हॅक्यूम म्हणजे ‘इंजिनावर लोड आलाय’ एवढंच कळतं, मग तो गिअर उशिरा आणि दणक्यात टाकतो. कार्ब्युरेटरचा पॉवर व्हॉल्व्ह, जोर लागताना जादा पेट्रोल देणारा, आयडलिंगलाच उघडला तर प्लग काळे पडतात. प्रत्येकाला औषध आहे, पण एका आवाजापायी किती औषधं घ्यायची ते आधी ठरवलेलं बरं. नाकापेक्षा मोती जड होतो तो इथे.

दोन कॅममध्ये अडलात तर लहान घ्या, असं जुने मेकॅनिक सांगतात. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. लहान कॅमची उणीव पाच हजारांच्या वर जाणवते, तीही घड्याळ लावून बसलात तर. मोठ्या कॅमची उणीव प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढावर, गाडी मागे घेताना, पार्किंगमध्ये वळवताना जाणवते. उलट्या बाजूचा अतिरेकही मी पाहिला आहे. कॅम कारखान्याचाच आणि कन्व्हर्टर तीन हजारांचा. इंजिन पंधराशेवरच जोर धरणारं, कन्व्हर्टर त्याला तिथे पकडूच देत नाही. पॅडलला पाय लागला की आवाज पुढे जातो आणि गाडी मागून येते.

मित्राच्या गाडीसाठी शेवटी ठरलं ते असं. डिफरन्शियल आधी, ३.४२. कॅम ०.०५० इंचावर २१२ अंशांचा, सेपरेशन ११२, म्हणजे व्हॅक्यूम टिकेल आणि इनटेक वेळेवर मिटेल. आणि कन्व्हर्टर या इंजिनामागे बावीसशेच्या आसपास निसटेल असा. हा शेवटचा आकडा खोक्यावरून घ्यायचाच नाही. कॅमबरोबर येणारं कार्ड, कॉम्प्रेशन, गाडीचं वजन, डिफरन्शियल, टायरचा व्यास हे सगळं कन्व्हर्टर बनवणाऱ्याला कळवायचं आणि त्याला पाती बसवू द्यायची. यादी ऐकून मित्राचा चेहरा जरा पडला.

“आयडलिंगला काहीच नाही होणार?”

“होईल. किंचित.”

“किंचित म्हणजे किती?”

“कान देऊन ऐकणाऱ्याला कळेल इतकं.”

बसवण्याच्या कामात कन्व्हर्टरची एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून करावी. आधी त्यात लिटरभर तेल ओतायचं, मग तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवायचा. हाताने रेटत रेटत फिरवला की एक ‘खट्ट’ येतो, तो इनपुट शाफ्टच्या दात्यांचा. दुसरा येतो स्टेटरच्या आधाराचा. बरेचजण इथेच थांबतात, कारण डबा बसल्यासारखा दिसतो. पण तिसरा ‘खट्ट’ यायचा असतो, तेलपंपाच्या खाचेचा, आणि तो येताच कन्व्हर्टर आणखी बोटभर आत जातो. तो न येताच बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट आवळले तर पंप जागेवर फुटतो. तिन्ही बसले की इंजिनाला जोडल्यावर फ्लेक्सप्लेट (क्रँकशाफ्टच्या टोकाची चकती) आणि कन्व्हर्टर यांच्यात तीन ते साडेचार मिलिमीटर फट राहते आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो. मगच त्याला पुढे ओढून बोल्ट लावायचे.

कॅमचं पथ्य वेगळं. कॅम फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे टॅपेट रोलरशिवाय थेट लोबवर घासणारा, असेल तर पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत त्याचं आयुष्य ठरतं. प्रत्येक लोबला किंचित उतार आणि टॅपेटच्या तळाला किंचित फुगवटा असतो, त्यामुळे टॅपेट जागच्या जागी फिरत राहतो. हे फिरणं पहिल्या सुरुवातीतच बसायला हवं. म्हणून कार्ब्युरेटर आधीच भरून ठेवायचा, टायमिंग जवळपास लावून ठेवायचं, इंजिन पटकन सुरू झालं पाहिजे, स्टार्टर मारत बसायचं नाही. सुरू होताच दोन ते अडीच हजारांवर न्यायचं आणि आयडलिंगला येऊच द्यायचं नाही, कारण लोबवर उडणारं तेल क्रँकशाफ्टच्या वेगावरच अवलंबून असतं. दुहेरी स्प्रिंग असतील तर एवढ्या वेळापुरत्या आतल्या काढून ठेवायच्या. तेल झिंक असलेलं, कारण हल्लीच्या गाड्यांच्या तेलातलं झिंक कमी केलेलं आहे. त्यानंतर इंजिन बंद करून तेल बदलायचं, फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून बघायच्या. थोडी करडी भुकटी चालते. चमकदार कण दिसले तर व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलतोय ते एकेक करून मोजायचं.